पहिली दोन मिनिटे

संस्कृत साहित्यशास्त्रात 'कविसमय' म्हणून एक प्रकरण आहे. चकोर चांदण्यावर जगतो, हंस दुधातले पाणी वेगळे करतो, कीर्ती पांढरी असते आणि अपकीर्ती काळी. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त या गोष्टींचा चांगला विस्ताराने विचार केला आहे. चकोराचे पोट चांदण्याने भरत नाही, हे कवीस ठाऊक असते आणि रसिकासही ठाऊक असते. तरीही दोघे ते खरे धरून चालतात. कारण तेवढे खरे धरले की पुढचे पुष्कळसे सांगावे लागत नाही. चित्रपटाच्या संकेतांचा विचार आम्ही येथूनच सुरू करतो. संकेत म्हणजे नियम नव्हे, कायदाही नव्हे. कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये न लिहिता झालेला तो एक करार आहे.

हा करार आपणा सर्वांस तोंडपाठ असतो. 'आम्हांस सिनेमातले काही कळत नाही' असे म्हणणाऱ्या गृहस्थांनाही तो ठाऊक असतो. रात्रीची वेळ, घरात एकटी मुलगी, बाहेर वारा, आणि टेलिफोन वाजतो. मुलगी टेलिफोन घेते, पलीकडून कोणी बोलत नाही. एवढे दिसताच सभागृहातील पाचशे माणसे एकदम सावरून बसतात. त्यांना कोणी काही सांगितलेले नसते. आता दुसरे चित्र पाहा : तीच मुलगी, तोच टेलिफोन, पण खिडकीतून ऊन येत आहे आणि मागे सतार वाजते आहे. पलीकडून कोणी बोलत नाही, तेव्हा हीच पाचशे माणसे गालांत हसतात. कारण पलीकडे एखादा लाजाळू तरुण आहे, हे त्यांनी ओळखलेले असते. घटना एकच, पण चित्रपटाची जात निराळी. भयपट, हेरपट, प्रेमकथा, पौराणिक, विनोदी अशा या जाती प्रेक्षक पहिल्या दोन मिनिटांत ओळखतो आणि मग त्या जातीला शोभेल अशा मनाने पुढचे दोन तास बसतो.

ही पहिली दोन मिनिटे आपल्याकडे रंगभूमीने फार जपली. संगीत नाटकात नांदी झाली, सूत्रधार आणि नटी येऊन बोलली, की पुढे काय प्रकारचा खेळ आहे याविषयी मन तयार होई. तमाशात गण आणि गौळण झाल्याशिवाय वगाला हात घालावयाचा नाही. कीर्तनात पूर्वरंग आधी, आख्यान नंतर. आणि हे सारे अंगवळणी पडले होते म्हणूनच १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचा आरंभ इतका झोंबला. गणपती नाचत आला, स्तवन झाले, सारे रीतसर. आणि ज्या माणसांनी रांगेत उभे राहून ते भक्तिभावाने म्हटले, तीच माणसे पाहता पाहता बावनखणीची वाट धरू लागली. नांदी ज्याला ठाऊक नाही, त्याला या धक्क्याचा अर्थ लागणे कठीण. संकेत मोडावयाचा तर तो आधी पाळून दाखवावा लागतो, हे आमचे आजचे मुख्य म्हणणे आहे.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. इंग्लंडमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षांत 'प्रसारमाध्यमांचा अभ्यास' हा एक विषय शिकवितात. त्यातील एका परीक्षामंडळाने २००८ सालापासून जवळजवळ दहा वर्षे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एक प्रकल्प देऊ केला होता : एका नव्या, काल्पनिक चित्रपटाचा केवळ आरंभ तयार करावयाचा, नामावलीसह, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. पुढचा चित्रपट नाहीच. तो कधी निघणारही नाही. चारपर्यंत मुलांनी मिळून काम करावयाचे. संगीत स्वतःचे, किंवा ज्यावर कोणाचा हक्क नाही असे. गुणांची वाटणी शंभरात अशी : संशोधन व आखणी वीस, प्रत्यक्ष चित्रण व संकलन साठ, आणि आपल्या कामाचे परीक्षण वीस. त्याआधी हात बसावा म्हणून एक छोटा पाठ असे. एका पात्राने दार उघडावयाचे, खोली ओलांडून दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीवर बसावयाचे आणि दोघांनी एकदोन वाक्ये बोलावयाची. ऐकावयास हे हास्यास्पद वाटते. पण दाराबाहेरचा हात आणि दाराआतला हात एकाच हालचालीत जोडून दाखविणे किती अवघड आहे, हे ज्याने एकदा केले त्यालाच कळते.

परीक्षणाचे प्रश्न सात होते आणि त्यांतला पहिलाच आमच्या विषयाचा आहे. तुमच्या कृतीने खऱ्या चित्रपटांचे संकेत कोठे वापरले, कोठे पुढे नेले आणि कोठे त्यांना आव्हान दिले, असा त्याचा आशय. प्रश्न चांगला आहे. पण त्यात एक मेख आहे, तिच्याकडे आम्ही नंतर येऊ.

या मुलांनी काय केले? बहुतेकांनी थरारपट किंवा भयपट निवडला. झाडी, धुके, डोक्यावर टोपडे ओढलेला एक इसम, आणि धापा टाकीत पळणारी एक मुलगी. हे वाचून कोणी नाक मुरडू नये. सोळा वर्षांच्या मुलापाशी काय असते? गावाबाहेरची झाडी फुकट मिळते, मैत्रीण पळावयास तयार असते, आणि टोपडे ओढले की इसमाला अभिनय करावा लागत नाही. शिवाय संवाद नसले तरी चालते, आणि नवशिक्यांचे चित्रपट पहिल्याने फसतात ते संवादांतच. म्हणजे संकेत हा गरिबाचा मोठा आधार आहे. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर पाहिले की माणूस मोठा आणि दुष्ट वाटतो. उंचावरून खाली पाहिले की तो दुबळा वाटतो. चेहरा अर्धा अंधारात ठेवला की त्याला काहीतरी लपवावयाचे आहे, असे आपण समजतो. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. अर्धे काम प्रेक्षक आपल्या आठवणीतून करून देतो.

आवाजाचे तर विचारूच नये. आमच्या मते भयपटाची जात डोळ्यांआधी कान ओळखतात. पळणाऱ्या मुलीच्या चित्रावर ढोलकी वाजवून पाहा. ती बसगाडी पकडावयास निघाली आहे, असेच वाटेल. एक खालचा, न बदलणारा सूर लावा आणि मग तो एकदम बंद करा. मुलगी नुसती उभी असली तरी अंगावर काटा येईल. पोरांना कॅमेऱ्याचे आकर्षण जास्त असते आणि आवाज ती शेवटच्या रात्री चिकटवितात. आपल्याकडेही हेच चालते. हातातल्या मोबाइलने चित्र सुरेख निघते आणि आवाजात वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

विद्यार्थ्याने संकेत पाळावा म्हणजे कसा, याचे एक थोर उदाहरण आहे. १९५६ साली मॉस्कोच्या चित्रपट-विद्यालयात मिखाईल रोम यांच्या वर्गातील तीन विद्यार्थ्यांनी हेमिंग्वेच्या 'मारेकरी' या कथेवर सुमारे वीस मिनिटांचा चित्रपट केला. त्या तिघांतला एक आंद्रेई तारकोव्हस्की. पुढे ज्याचे नाव जगभर झाले तोच. दुसरा अलेक्झांडर गॉर्डन, आणि तिसरी मारिका बेईकू. अमेरिकेतले एक खाणावळवजा उपाहारगृह त्यांनी मॉस्कोत उभे केले. दोन परके इसम आत येतात, फळीपाशी बसतात आणि खावयास मागतात. जे मागतात ते अजून तयार नसते. घड्याळ वीस मिनिटे पुढे असते. ते मालकाच्या माणसाशी खाद्यपदार्थांवरून वाद घालतात आणि त्या वादातूनच यांचे येथे काही वेगळे काम आहे, हे आपणांस कळू लागते.

येथे गुन्हेगारी चित्रपटाचा प्रत्येक संकेत पाळलेला आहे. परके इसम, हॅट, ओव्हरकोट, रिकामे उपाहारगृह, कमी बोलणे. एका दृश्यात तारकोव्हस्की स्वतः गिऱ्हाईक म्हणून येतो आणि शीळ घालतो. त्या शिळेचा सूर एका अमेरिकन जॅझ-गीताचा आहे. त्या काळच्या मॉस्कोतील विद्यार्थ्याने ती शीळ घालावी, यातली मौज निराळी सांगावयास नको. संकेत इतका कसोशीने पाळल्यामुळे आपण एका गोष्टीची वाट पाहू लागतो : आता गोळीबार होणार. आणि तो होत नाही. ज्याला मारावयाचे तो मनुष्य येतच नाही. त्याला सावध करावयास एक मुलगा धावत जातो, तर तो आपल्या खोलीत अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि म्हणतो की आता याला इलाज नाही. (ही भूमिका वासिली शुक्शिन याने केली आहे, तोही त्याच विद्यालयातला विद्यार्थी.) गुन्हेगारी चित्रपटातला नायक पळतो किंवा लढतो, हा दोन्ही करीत नाही. मूळ कल्पना अर्थात हेमिंग्वेची. परंतु पडद्यावर ती जाणवते, याचे कारण विद्यार्थ्यांनी आरंभीचे वचन इतक्या ठामपणे दिले हे आहे. आरंभच जर विस्कळीत असता, तर शेवटी न झालेला खून कोणाच्या लक्षातही आला नसता.

व्यवसायातील मोठ्या लोकांनीही हेच केले आहे, आणि विद्यार्थी त्यांच्याकडूनच शिकतात. हिचकॉकच्या 'सायको'चा (१९६०) आरंभ पाहा. तोपर्यंत भीती म्हटली की जुना किल्ला, धुके, मेणबत्ती. हिचकॉक दाखवितो भर दुपारचे एक अमेरिकन शहर, आणि पडद्यावर लिहून देतो : शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे. जणू एखादा वृत्तपट. भय शोधावयास किल्ल्यात जावे लागत नाही, हे त्याने तारीख-वार लिहून सांगितले. १९७८ सालचा 'हॅलोविन' हा जॉन कार्पेंटरचा चित्रपट तर विद्यार्थ्यांचा फारच आवडता, कारण तो फारशा पैशांवाचून झाला आहे. त्याच्या आरंभी बराच वेळ आपण खुन्याच्या डोळ्यांनी पाहतो. खिडकीबाहेर उभे राहतो, स्वयंपाकघरात सुरी उचलतो, मुखवटा घालतो, आणि मग मुखवट्याच्या दोन भोकांतूनच सारे दिसते. खून होतो. शेवटी कोणी तो मुखवटा ओढतो, तेव्हा समोर सहा वर्षांचा एक मुलगा विदूषकाच्या वेषात उभा असतो. आपण इतका वेळ कोणाच्या डोळ्यांत बसलो होतो, हे कळताच प्रेक्षक हादरतो. पुढे १९९६ साली 'स्क्रीम' आला. जाहिरातीत जिचा चेहरा ठळकपणे दिसे ती प्रसिद्ध नटी त्यात पहिल्या पंधरा मिनिटांच्या आतच मारली जाते. आणि मारणारा तिला टेलिफोनवर भयपटांविषयीच प्रश्न विचारतो.

जॉर्ज लुकासचे उदाहरण थोडे निराळे आहे. १९६७ साली कॅलिफोर्नियातील विद्यापीठात शिकताना त्याने पंधरा मिनिटांचा एक भविष्यपट केला. एक मनुष्य भुयारासारख्या बोळांतून पळतो आहे आणि यंत्रांपुढे बसलेली माणसे त्याला पडद्यांवर न्याहाळीत आहेत, एवढीच गोष्ट. १९७१ साली त्याने त्याचाच मोठा चित्रपट केला, 'टीएचएक्स ११३८'. त्याचा आरंभ कसा, तर १९३९ सालच्या एका भविष्यकालीन वीरकथेच्या, बक रॉजर्सच्या, जाहिरातीचा तुकडा. आकाशयाने, शूर नायक, विज्ञानाचा जयजयकार. तो तुकडा संपतो आणि आपण एका पांढऱ्या, निर्जीव, भूमिगत जगात येतो, जेथे माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. नामावलीसुद्धा नेहमीप्रमाणे खालून वर न जाता वरून खाली उतरते. जुना संकेत त्याने शब्दशः पडद्यावर आणून ठेवला आणि मग त्याच्याकडे पाठ केली.

आता ती मेख. आव्हान द्या आणि गुण घ्या, असे परीक्षेतच म्हटले की आव्हानाचाही पाढा होतो. झाडीत पळणारी मुलगी हीच खरी खुनी निघते, अशी कलाटणी पहिल्याने ज्या मुलांनी दिली असेल त्यांचे कौतुक झाले असेल; परंतु पुढे प्रत्येक तिसरा गट तेच करू लागला, तर तोही एक संकेतच झाला. नुसती उलटापालट म्हणजे आव्हान नव्हे, असे आम्हांस वाटते. बदमाषाला पांढरा कोट आणि सज्जनाला काळा कोट घातल्याने कोणाच्या मनातील कोणती समजूत हलली? तेव्हा संकेत मोडण्यापूर्वी त्याने काय गृहीत धरले आहे, हे विचारावे. पळते ती मुलगीच का? तिच्या मागून धावणारा कॅमेरा कोणाचा? तिची भीती आपण पाहतो आहोत, की भिणारी मुलगी पाहण्याची आपल्याला हौस आहे? कॅरोल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीने १९८७ साली एका निबंधात आणि पुढे १९९२ सालच्या ग्रंथात असल्या चित्रपटांची बारकाईने तपासणी केली. शेवटपर्यंत जगणारी एक मुलगी त्यांत बहुधा असते आणि प्रेक्षक, त्यांतले तरुण पुरुषसुद्धा, अखेर तिच्या डोळ्यांनी पाहू लागतात, असे तिने दाखविले. म्हणजे ज्या संकेताला आपण सरसकट नावे ठेवतो, त्याच्याच पोटात दुसरे काही दडलेले असू शकते.

हे सारे परदेशचे झाले. पुण्यात प्रभात कंपनीच्या जागेवर १९६० सालापासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे, आणि आज तर शहराच्या कोणत्याही महाविद्यालयात मुले हातातल्या यंत्रावर चित्रपट करतात. त्यांनी झाडीतला टोपडेवाला का घ्यावा? आपल्या बोलपटांचे स्वतःचे संकेत आहेत. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वह कौन थी' (१९६४) यांनी एक बाई आपल्या मनात कायमची उभी करून ठेविली आहे. शेवटच्या चित्रपटाचा आरंभ पुष्कळांस आठवत असेल : पावसाची रात्र, डॉक्टर एकटा मोटार हाकतो आहे, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई उभी. तो तिला गाडीत घेतो. काच पुसणारे यंत्र बंद पडते, त्याला पुढचे काही दिसत नाही. आणि तिला मात्र रस्ता स्वच्छ दिसत असतो.

समजा, एखाद्या गटाने हाच आरंभ घेतला. पाऊस, घाटाचा रस्ता, मोटारीचे दिवे, आणि दूर पांढऱ्या वस्त्रातली बाई. पहिले पाऊण मिनिट सारे काही आज्ञाधारकपणे करावे. खालचा सूर, पुढे-मागे होणारी काचेवरची दांडी, मोटार हाकणाऱ्याचे डोळे. बाई हात वर करते. मोटार थांबत नाही, उलट वेग घेते. येथे प्रेक्षक समाधानाने निःश्वास सोडतो. आणि कॅमेरा मोटारीबरोबर न जाता मागेच, त्या बाईपाशी राहतो. सूर बंद. नुसता पाऊस. आता जवळून दिसते : तिच्या पायांत साध्या चपला आहेत, खांद्याला डब्याची पिशवी आहे, अंगावरचे पांढरे वस्त्र परिचारिकेचा गणवेष आहे. रात्रपाळीची बदली उशिरा आली, शेवटची बस गेली. ती मनगटावरचे घड्याळ पाहते आणि स्वतःशी म्हणते, "हा तिसरा."

सभागृह हसेल, आणि हसावेही. पण त्या हसण्यात एक गोष्ट उघडी पडते. या बाईला घरी जाता येत नाही, कारण घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने तो चित्रपट पाहिला आहे. साठ-सत्तर वर्षे आपण जिला भीत आलो, ती येथे भिजत उभी आहे, आणि भीती वाटण्याचा अधिकार खरे पाहता तिचा आहे. येथे बाईला 'चांगली' आणि पुरुषाला 'वाईट' केलेले नाही. पळून गेलेला गृहस्थ दुष्ट नाही, नुसता घाबरलेला आहे. बदलली ती केवळ कॅमेऱ्याची जागा. पहिल्या पाऊण मिनिटात मुलांनी थट्टेचा सूर लावला, धुके जरा जास्त सोडले, डोळे जरा जास्त वटारले, तर मात्र सगळे वाया जाईल. प्रेक्षक आधी खरोखर भ्यायला पाहिजे.

नामावलीचा प्रश्न उरतो, आणि तो क्षुल्लक नाही. चित्रपटाचे नाव पहिल्या दृश्यावर दिले तर ते भयपटाचे नाव वाटेल. "हा तिसरा" या शब्दांनंतर दिले तर तेच नाव दुसऱ्या अर्थाने वाचले जाईल. आम्ही ते नंतरच देऊ, साध्या अक्षरांत, रक्त ठिबकणारी अक्षरे न काढता. मग ती दोन मिनिटे आठदहा अनोळखी माणसांना दाखवावी, तेथेच थांबवावे आणि पुढे काय होईल ते विचारावे. आपल्या मित्रांना विचारू नये. ते तारीफच करतात. सर्वांनी एकच उत्तर दिले तर संकेत जसाच्या तसा राहिला आहे. कोणालाच काही सांगता आले नाही, तर करारच झालेला नाही आणि आरंभ पुन्हा करावा लागेल. दहांतली पाच माणसे एक म्हणतील, चार दुसरे म्हणतील आणि एखादी बाई काही न बोलता नुसती मान हलवील, तर ते काम परीक्षकाकडे पाठवावयास हरकत नाही.

नाव येऊन गेल्यावर अजून दहा सेकंद शिल्लक राहतात. वळणावरून चौथ्या गाडीचे दिवे येतात. बाई हात वर करते, आणि ही गाडी वेग कमी करू लागते. खालचा सूर पुन्हा सुरू करावयाचा की नाही, हे गटाने ठरवावयाचे. कारण या वेळी तो कोणासाठी वाजणार, हे आता प्रेक्षकांपैकी कोणासच नक्की ठाऊक नाही. गाडीचे दार उघडते, आणि परीक्षेची दोन मिनिटे तेथे संपतात.